मालिकेतलं गाव शोधताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कोकणात चित्रित झालेल्या जुन्या मालिकांची खरी ठिकाणं कशी हुडकायची, यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत.

ऐंशीच्या दशकातल्या एका मराठी मालिकेचे काही भाग व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून मिळाले. समुद्र, देऊळ, कौलारू घर दिसतं. गावाचं नाव कुठेच नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, दापोली

शेवटापासून. श्रेयनामावलीत 'आभार' म्हणून जे पान असतं, तिथे 'ग्रामस्थ, मु. पो. अमुक' किंवा एखादी ग्रामपंचायत, देवस्थान, बंदर खातं सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. नेटवर चढवलेल्या भागांत हे पान बऱ्याचदा कापलेलं असतं, आणि पूर्ण यादी अनेकदा फक्त पहिल्या नाहीतर शेवटच्या भागालाच असते. तेव्हा तेवढे दोन भाग आधी मिळवा.

मग चित्र सुलट आहे ना ते बघा. स्वामित्वहक्काच्या तक्रारी चुकवायला डावं-उजवं उलटवून चढवलेले भाग पुष्कळ असतात. पाटी दिसत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर साडीचा पदर डाव्या खांद्यावर आणि पुरुषाच्या शर्टाची बटणं त्याच्या स्वतःच्या उजव्या अंगाला हवीत. उलट्या चित्रावरून खाडीचं मुख शोधायला बसलात तर जन्मात सापडणार नाही.

तिसरी गोष्ट चौकटीची. त्या काळचं चित्र ४:३ प्रमाणाचं. ते १६:९ मध्ये बसवताना वरखाली कापतात आणि नेमकी डोंगराची कड जाते. मूळ चौकटीची प्रत मिळाली तर तीच घ्या. व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये 'डी' दाबलं की हलत्या वस्तूंच्या कडेचे दाते जातात, 'ई' दाबून एकेक फ्रेम पुढे सरकता येतं आणि शिफ्ट-एसने चित्र साठवता येतं. कॅमेरा आडवा फिरतो ती दृश्यं खरी मौल्यवान. त्यातल्या आठ-दहा फ्रेम एकमेकींवर तिसरा हिस्सा चढतील अशा निवडून 'ह्यूगिन' या मोफत प्रोग्रॅममध्ये जोडा. डोंगररांगेची सलग रेघ हातात येते आणि पुढचं बरंचसं काम तिच्यावरच चालतं.

शेवटी दृश्यांची वाटणी. घराबाहेरचं आणि घरातलं एकाच जागी झालं, असं कधीही गृहीत धरू नका. माजघर गोरेगावच्या चित्रनगरीत, पडवी मढला आणि दारासमोरची वाट मालवण तालुक्यात, असंही निघू शकतं. पात्र उंबरठा ओलांडतं तिथे दाराची चौकट, पायरीचा दगड आणि उजेडाची दिशा दोन्ही बाजूंनी जुळते का ते तपासा. आतून खिडकी नुसती पांढरीफटक दिसत असेल तर बाहेर माड असतीलच असं नाही.

समुद्रावर सूर्य उगवतो असं दृश्य आहे. कोकणात असा किनारा कुठला?
— एक वाचक, ठाणे

जवळजवळ नाहीच. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य उगवतो तो सड्यामागून, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारामागून. संध्याकाळी चित्रित करून सकाळ म्हणून वापरलेलं दृश्य आहे ते. वाऱ्याकडे बघा. माडाच्या झावळ्या आणि पदर जमिनीच्या दिशेने उडत असतील तर ते दुपारनंतरचे खारे वारे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, तोही मंद. वाळूवर पावलांची दाटी असेल तर तीही दिवसभराची.

हा सूर्य मात्र फुकट घालवू नका. रत्नागिरीच्या अक्षांशावर तो डिसेंबरअखेर नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनअखेर तितकाच उत्तरेला. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी बरोबर पश्चिमेला. पावसाळ्यात सहसा कोणी युनिट आणत नाही. त्यामुळे सूर्य एखाद्या टोकामागे किंवा बेटामागे जात असेल तर महिना आणि किनाऱ्याचं तोंड यांचा मेळ घालता येतो. भरदुपारची सावली दक्षिणेला पडलेली दिसली तर तो मे महिना, साधारण ८ तारखेनंतरचा. एरवी चित्रीकरणाच्या मोसमात ती उत्तरेलाच पडते.

दगड-वाळूवरून तालुका ओळखता येतो का?
— एक वाचक, पनवेल

तालुका नाही, पण अर्धा किनारा बाद करता येतो. रायगडात किनाऱ्याला काळा कातळ जास्त. हरिहरेश्वरला लाटांनी कोरलेला खडक आहे तसा. रत्नागिरीपासून खाली जांभ्याचं राज्य: लाल चिऱ्याच्या भिंती, चिऱ्याचे गडगे, वर उघडा सडा. वाळूच्या रंगावर एकट्याने विसंबू नका. खुद्द रत्नागिरी शहरातच एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला काळा आहे. शिवाय जुन्या कॅसेटवर लाल रंग पसरतो आणि साधा विटांचा बांधही जांभ्यासारखा भासतो.

'कोकण' म्हणून दाखवलेला किनारा मढ, आक्सा, गोराई, मनोरी यांपैकी तर नाही ना, हे आधी तपासा. मुंबईच्या युनिटला संध्याकाळी घरी परतता येतं, हा मोह निर्मात्याला तेव्हाही होता.

'मालगुडी डेज' सिंधुदुर्गात चित्रित झाली असं कळलं. कुठल्या गावात?
— एक वाचक, कुडाळ

नाही. शंकर नाग यांनी ती मुख्यतः कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबे इथे केली. त्याच जिल्ह्यातल्या अरसाळू स्थानकावर आता मालगुडीचं संग्रहालय आहे. कौलारू घरं, पोफळी, पाऊस असं सगळं ओळखीचं वाटतं म्हणून गफलत होते. पण ते घाटमाथ्याचं गाव, समुद्र तिथे नाही.

पाट्या, एसटी, पिनकोड यांवरून काळ आणि ठिकाण किती पक्कं ठरतं?
— एक वाचक, चिपळूण

पाटी तिचा स्वतःचा काळ सांगते, चित्रीकरणाचा नाही. 'जिल्हा कुलाबा' अशी पाटी १९८१ च्या आधी रंगवलेली. त्या वर्षी १ जानेवारीला नाव रायगड झालं. सावंतवाडी किंवा मालवणच्या पाटीवर 'जि. रत्नागिरी' असेल तर तीही १ मे १९८१ पूर्वीची, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्या दिवशी वेगळा झाला. अशा पाट्या पुढे दहा-दहा वर्षं भिंतीवर राहिल्या. उलट बाजूचा पुरावा जास्त भक्कम असतो. गाडीवर 'एमएच' दिसलं की १९८९ च्या आधीचं काही राहत नाही. रत्नागिरी किंवा कणकवलीच्या आसपास आगगाडीचा पूल दिसला तर नव्वदचं दशक लागलेलं. रोह्यापासून मंगळूरपर्यंत कोकण रेल्वेची सलग वाहतूक १९९८ च्या जानेवारीत सुरू झाली.

पोस्टाच्या पाटीवरचा पिन कामाचा. ४०२ रायगडातला, ४१५ रत्नागिरी जिल्ह्यातला, ४१६ सिंधुदुर्गातला. फक्त लांजा आणि राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात असूनही ४१६ मध्ये येतात, आणि इथे भलेभले फसतात. एसटीचा नंबर मात्र सोडून द्या. गाड्या दापोडी, चिकलठाणा अशा कार्यशाळांत बांधून यायच्या, म्हणून रत्नागिरीच्या गाडीवर एमएच-१४ किंवा एमएच-२० असणं नेहमीचंच. बाजूला लिहिलेलं आगाराचं नाव वाचा.

गाव सापडलं, देऊळही सापडलं. कॅमेरा नेमका कुठे उभा होता ते कसं काढायचं?
— एक वाचक, गुहागर

समुद्र दिसत असेल तर अर्धं काम झालं. क्षितिजाची रेघ नेहमी भिंगाच्या उंचीवर असते. सपाट पुळणीवर उभ्या माणसाच्या छातीवरून ती रेघ गेली तर कॅमेरा छातीइतक्या उंचीवर होता. देवळाच्या दीपमाळेच्या टोकाला रेघ टेकत असेल तर कॅमेरा दीपमाळेच्या टोकाइतक्या उंचीवर, म्हणजे मागच्या पाखाडीवर किंवा कुणाच्या माडीवर. पाखाडी चढत जा आणि रेघ टोकाला टेकेल त्या पायरीवर थांबा. उंची मिळाली.

आता डावं-उजवं. फ्रेममधून एक जवळची आणि एक दूरची वस्तू अशी जोडी निवडा: तुळशीवृंदावनाची कड आणि खाडीपलीकडच्या डोंगराचं टोक. दोन्ही एका रेषेत येईपर्यंत सरका. दहा मीटरवरची वस्तू तुम्ही एक मीटर सरकलात की जवळपास सहा अंश हलते. दोन किलोमीटरवरचा डोंगर जागचा हलत नाही. म्हणून जवळची वस्तू जितकी जवळ तितकी जागा अचूक. पहिल्या जोडीने एक रेषा मिळते, दुसऱ्या जोडीने दुसरी, आणि दोन्ही छेदतात तिथे कॅमेऱ्याची तिपाई होती. दोन्ही जोड्या फ्रेमच्या दोन वेगवेगळ्या टोकांच्या घ्या, नाहीतर रेषा जवळजवळ समांतर जातात आणि छेद चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो.

डोंगर किती मोठा दिसतो यावरून अंतर ठरवू नका. त्या काळी झूमचा सोस होता. खाडीपलीकडचा डोंगर पडद्यावर मानेवर बसल्यासारखा दिसतो. गूगल अर्थ प्रोमध्ये जमिनीच्या पातळीवर उतरून डोंगररेघ जुळवता येते, पण उंचीची पट १ ठेवा. ती वाढवलेली असली की सगळे डोंगर टोकदार होतात.

देऊळच जुळत नसेल तर जीर्णोद्धार झाला असेल. कौलं आणि लाकडी खांब जाऊन सिमेंटचं शिखर येतं. पण विहीर, दीपमाळ, पार आणि दगडी पायऱ्या सहसा राहतात. झाडांवर तर अजिबात भिस्त नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत माड-पोफळीच्या वाड्या झोपवल्या आणि सुरूची बनंही विरळ झाली.

दृश्यातला खडक जागेवर सापडलाच नाही. वाळूखाली गेला असेल का?
— एक वाचक, देवगड

पाण्याखाली असण्याची शक्यता जास्त. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा जुना हिशेब मुंबईला बऱ्यापैकी लागू पडतो: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. देवगड-मालवणकडे भरती मुंबईच्या आधी येते, तेव्हा तास-पाऊण तास हाताशी ठेवा.

यातून आणखी एक गोष्ट निघते. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारच्या सुमारास असते, म्हणजे सगळ्यात मोठी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. मावळत्या सूर्याच्या दृश्यात लांबवर ओली पुळण आणि उघडे खडक दिसत असतील तर अमावस्या किंवा पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर होती. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा जाल तर तेवढं पाणी हटणारच नाही. आणि टोकावर चढाल तर भरती लागायच्या आत परत या. पाणी आधी मागची वाट बंद करतं.

गावात विचारलं की सगळेच म्हणतात 'हो, इथंच झालेलं'. विश्वास कुणावर ठेवायचा?
— एक वाचक, सावंतवाडी

प्रश्न बदला. 'इथे शूटिंग झालं का?' याला होच उत्तर येतं, कारण गावात तीन-चार युनिटं येऊन गेलेली असतात आणि आठवणीत ती एक होतात. मालिकेचं नावच घेऊ नका. छापील चित्र दाखवा आणि 'ही विहीर कुठल्या वाडीतली?' असं विचारा. दोन वाड्यांतल्या दोन माणसांनी स्वतंत्रपणे एकच जागा दाखवली तर पुढे जा. खानावळवाले, होडीवाले, जेवणाची भांडी भाड्याने देणारे यांच्या आठवणी नटांच्या नव्हे, कामाच्या असतात. म्हणून त्या टिकतात. गर्दीत उभे राहिलेले दशावतारी किंवा नमनातले जुने कलाकार भेटले तर त्यांनाही विचारा.

वेळ साधा. एरवी कुलूप असलेली घरं गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात उघडतात. मात्र पालखी दारात असताना फोटो पुढे करू नका.

घर सापडलं तरी ते कुणाचं तरी राहतं घर आहे. २०१६ साली सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले'मुळे तुमच्या शेजारच्या कुडाळ तालुक्यातल्या आकेरीच्या वाड्यावर लोकांची रीघ लागली. खळ्यात पाऊल टाकण्याआधी बाहेरून हाक मारा, फोटो काढू का विचारा, आणि घर खासगी असेल तर लिहिताना गाव सांगा, वाडी आणि घराची खूण सांगू नका. जंजिरा, सिंधुदुर्ग यांसारख्या संरक्षित किल्ल्यांत बघायला जायला अडचण नाही, पण तिपाई लावायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या, आणि पावसाळ्यात तिकडच्या होड्या बंद असतात हे धरून बेत आखा.