नव्या नाटकाला बक्षिसापेक्षा वाचन द्या

प्रश्न : ताई, आमचं मंडळ दरवर्षी पुण्या-मुंबईची नाटकं इंदूरला आणतं. गेल्या वर्षी इथल्या मुलांनी लिहावं म्हणून एकांकिका लेखन स्पर्धा घेतली. संहिता बऱ्या आल्या. पहिलं बक्षीस पाच हजार, दुसरं तीन हजार दिलं. पण त्यातली एकही एकांकिका उभी राहिली नाही. यंदा बक्षिसाची रक्कम वाढवावी असं कार्यकारिणीत चाललंय. आपलं मत?
– एका मंडळाचे कार्यवाह, इंदूर

उत्तर : रक्कम वाढवू नका. आहेत तेच आठ हजार वाचनावर खर्च करा.

स्पर्धेत परीक्षक संहिता घरी बसून मनातल्या मनात वाचतात आणि लेखकाच्या हाती शेवटी पडतो तो फक्त क्रमांक. तिसऱ्या पानावर लक्ष का सुटलं, सासऱ्याचं पात्र का पटलं नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. कथा कागदावर पुरी होते. नाटकातलं वाक्य मात्र नटाच्या तोंडी गेल्याशिवाय ते चालतंय की अडखळतंय हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

आलेल्या संहितांतून दोनच निवडा. सफाईदार कोणती ते बघू नका; जिच्यात लिहिणाऱ्याची तळमळ दिसते ती घ्या. नटांना आठवडाभर आधी झेरॉक्स द्या. सेट नको, लाइट नकोत, नट खुर्च्यांवर बसून वाचतील. रंगसूचना वाचायला एक वेगळा माणूस बसवा. लेखकानं स्वतः वाचायचं नाही आणि आधी प्रस्तावनाही करायची नाही, हे पक्कं ठेवा. स्वतः वाचताना लेखक आवाजानं संहितेतल्या उणिवा झाकतो, नकळत. मग महिन्याभरानं, दुरुस्त केलेली संहिता त्याच नटांकडून पुन्हा वाचून घ्या. हे दुसरं वाचन खर्चाकडे बघून गाळू नका, खरं काम त्या मधल्या महिन्यात होतं.

गेल्या पावसाळ्यात रामबागेतल्या एका घरात आम्ही असं वाचन केलं. वडील वाडा बिल्डरला द्यायला निघालेत आणि मुलगी त्यांना अडवते, असा प्रवेश होता. मुलीला सलग दीड पानाचं भाषण. ते लांबलंय हे लेखिकेला आधी दोघा-तिघांनी सांगितलं होतं, पण ती एक ओळ कापायला तयार नव्हती. वाचताना अर्ध्या पानावर मुलीचं काम करणारी श्वास घ्यायला थांबली. तेवढ्यात वडिलांचं काम वाचणाऱ्या नटानं चष्मा काढला, घडी घालून डबीत ठेवला आणि डबी मिटली. टक्‌ असा आवाज झाला. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. लेखिकेनं तिथंच पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. दुसऱ्या वाचनाला भाषण तिथं संपत होतं आणि पुढे रंगसूचना होती : वडील चष्मा डबीत ठेवतात. परीक्षकाच्या शेऱ्यानं हे झालं नसतं.

वाचनानंतरची चर्चा कुणीतरी खमकेपणानं चालवायला हवी. आपल्याकडे जाणकार मंडळी भरपूर, आणि ‘मी असतो तर असं लिहिलं असतं’ हे सुरू झालं की नवा लेखक मिटून जातो. श्रोत्यांना एवढंच विचारा : कुठं कंटाळलात, कुठं गोंधळलात, कोणतं पात्र घरी घेऊन चाललात? उपाय सुचवू देऊ नका.

ही वाट बऱ्याच जणांनी चोखाळलेली आहे. अमेरिकेत १९६४ साली स्थापन झालेल्या यूजीन ओनील थिएटर सेंटरमध्ये नट हातात संहिता धरून नवं नाटक करतात आणि लेखक तिथंच राहून पानं बदलत जातो. नाटककार ऑगस्ट विल्सन यांच्या आधीच्या संहिता तिथून नाकारल्या गेल्या होत्या. १९८२ साली त्यांचं ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ निवडलं गेलं आणि १९८४ साली ते न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, ब्रॉडवेवर पोहोचलं. आपल्याकडेही पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं १९८५ पासून काही वर्षं नव्या नाटककारांसाठी अशी योजना राबवली. तिला फोर्ड फाउंडेशनचं पाठबळ होतं. तुम्हाला तेवढा पैसा लागणार नाही. झेरॉक्स, चहा-पोहे, नटांचं रिक्षाभाडं आणि लेखकाला मानधन, सगळं आठ हजारांत बसेल. मानधन द्याच.

आणखी एक. इथली मुलं पुण्यातल्या नाटकांसारखी मराठी लिहितात, कारण तुम्ही आणता ती नाटकं त्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या नाटकातला इंदूरचा माणूस भाजीवाल्याशीसुद्धा हिंदी बोलत नाही. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि दोन्हींची सरमिसळ झालेलं आपलं बोलणं रंगमंचावर येऊ दे, असं त्यांना मंडळानं उघडपणे सांगायला हवं. नाहीतर ते स्वतःहून धजावणार नाहीत. वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक तारीख आजच स्थानिक नाटकासाठी राखून ठेवा. हॉल लहान चालेल.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते, पहिलंच दोन अंकी नाटक लिहिलंय. एक दिग्दर्शक करायला तयार आहेत, पण शेवट बदला म्हणतात. किती ऐकायचं? आणि बदललं तर नाटक कुणाचं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : शेवट खटकतो असं ते म्हणत असतील तर मनापासून ऐका. त्याऐवजी काय हवं, ते मात्र तुमचं तुम्ही शोधा. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधलं नायिका बेणारेबाईंचं शेवटचं स्वगत नाटककार विजय तेंडुलकर लिहायला राजी नव्हते. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी १९६७ मध्ये ते आग्रहानं लिहून घेतलं. मागणी दिग्दर्शकाची होती, शब्द तेंडुलकरांचे. तुमच्या दिग्दर्शकांना आधी आहे तोच शेवट नटांकडून एकदा वाचून घ्यायला सांगा. ऐकल्यावर कदाचित तुमचंच मत बदलेल, कदाचित त्यांचं.

हक्काचं म्हणाल तर संहिता लिहून झाली की तिचा कॉपीराइट तुमचा. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. आपल्या कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. तालमीत सुचलेली दोन-चार वाक्यं घेतल्यानं तुम्ही लेखक राहात नाही असं होत नाही. तरी तालीम सुरू होण्याआधी साध्या कागदावर लिहून घ्या : लेखक म्हणून नाव तुमचं, प्रत्येक प्रयोगाचं मानधन ठरलेलं, तुम्हाला विचारल्याशिवाय संहितेत बदल नाही. ओळखीच्या माणसाकडे असं लिहून मागायला संकोच वाटतो, पण मागा. आणि एक वर्षात प्रयोग झाला नाही तर नाटक दुसऱ्याला द्यायला तुम्ही मोकळ्या, हेही त्यातच लिहा.