डेक बदलायला पर्मिट लागतं का? लागतं, आणि का ते सांगते

तुमचा प्रश्न असा आहे: शिकागोजवळच्या उपनगरात घर, मागचा पंचवीस वर्षांचा लाकडी डेक (दाराबाहेरचा फळ्यांचा उंच ओटा) कुजलाय, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘जुन्याच जागी नवा टाकायचाय, पर्मिट कशाला? तीन आठवडे आणि फी वाचेल.’ त्याचं ऐकावं का?

ऐकू नका. हेच वाक्य २०१३ च्या जून महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात उच्चारलं गेलं होतं. कॉन्ट्रॅक्टरने नव्हे, माझ्या दिरांनी.

भाऊजी सिव्हिल इंजिनियर. पुण्यात आठ वर्षं साइटवर काढली, मग इकडे येऊन आयटीत गेले. आमचा जुना डेक त्या वर्षी पायाखाली दबायला लागला होता. मी व्हिलेजच्या, म्हणजे इथल्या गावपालिकेच्या, ऑफिसात जाऊन पर्मिटचा फॉर्म आणला, घर घेताना मिळालेला प्लॅट ऑफ सर्व्हे, म्हणजे जागेचा मोजणी-नकाशा, शोधून त्याच्या झेरॉक्सवर डेकची मापं आखली, सगळं भरून टेबलावर ठेवलं. भाऊजींनी ते पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, मी सहा मजली इमारती उभ्या केल्यात. हा एक मोठा पाट आहे. आपल्या घरात आपण काय करायचं ते गावाला विचारायचं?” नवऱ्याने मान डोलावली. फॉर्म ड्रॉवरमध्ये गेला.

ओळखीतला एक हँडीमन आला, भाऊजींनी देखरेख केली, दोन शनिवार-रविवारात डेक उभा राहिला. दिसायला देखणा होता, हे मी तेव्हाही कबूल केलं. जमिनीपासून चार फूट उंच, बारा बाय सोळाचा.

मग तो हिवाळा आला. इथे असाल तर २०१४ चा जानेवारी विसरला नसाल. ६ तारखेला शिकागोत उणे १६ फॅरनहाइट, म्हणजे उणे २७ सेल्सियसच्या आसपास. फेब्रुवारीत एका सकाळी कचरा टाकायला मागचं दार उघडायला गेले तर बाहेरचं स्टॉर्म डोअर (थंडी-वाऱ्यासाठीचं जादा दार) वीतभर उघडून अडलं. मला वाटलं, बर्फ अडकलाय. फावड्याने बर्फ काढला, तरी दार फळ्यांना घासतच होतं. दार तसंच होतं, डेक वर आला होता. पुढचा एक कोपरा दीड-दोन इंच उचलला गेला होता.

कारण साधं आहे, पण पुण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते सुचत नाही. आपल्याकडे जमीन गोठत नाही. इथली चिकणमाती पाणी धरून ठेवते, ते गोठताना फुगतं, शिवाय गोठणारा थर खालून आणखी पाणी ओढून घेतो आणि बर्फाचे पापुद्रे जाड होत जातात. खांबाचं फूटिंग, म्हणजे जमिनीतला काँक्रीटचा पाया, त्या थरात असेल तर जमीन त्याला खालून ढकलत वर आणते. म्हणून शिकागो भागात फूटिंगचा तळ ४२ इंच खोल लागतो. आमची होती १८ इंच. भाऊजी म्हणाले होते, लाकडाला एवढं पुरे. वजनाच्या हिशोबाने पुरेही होतं. पण वजन खाली नेणं हा इथल्या फूटिंगचा अर्धाच प्रश्न.

मे महिन्यात सासूबाई आल्या होत्या. पहिलं कडक ऊन पडलं तेव्हा त्या कुरडया घालायला जुनं धोतर घेऊन डेकवर गेल्या. भिंतीलगत धोतराचं टोक फळीखाली खोचत होत्या. आतून मला हाक मारली, “अगं, इथे माझं बोट जातंय.” खरंच जात होतं. घराच्या भिंतीला डेक जिथे धरलेला असतो ती आडवी फळी, लेजर, भिंतीपासून सुटली होती. घर बेसमेंटवर उभं, ते हललं नाही. डेक हिवाळ्यात वर गेला, वसंतात खाली बसला, आणि या हेलकाव्यात लेजरचे खिळे उपसले गेले. हो, खिळे. हँडीमनने लेजर नुसत्या खिळ्यांनी ठोकली होती. इथल्या बहुतेक गावांनी स्वीकारलेल्या निवासी संहितेत, म्हणजे घरबांधणीच्या नियमावलीत, असे उपसले जाऊ शकणारे खिळे लेजरला चालतच नाहीत, अर्ध्या इंचाचे बोल्ट किंवा लॅग स्क्रू लागतात. वर पाणी आत जाऊ नये म्हणून पत्र्याचं फ्लॅशिंगही नव्हतं.

मी सासूबाईंचा हात धरून त्यांना आत आणलं. २९ जून २००३ ला शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका घरी पार्टी चालू असताना मागचा लाकडी पोर्च कोसळून १३ तरुण मुलं-मुली गेली, तेव्हा आम्ही शहरातच भाड्याने राहत होतो. ती रात्र मला त्या क्षणी आठवली.

दुसऱ्या दिवशी मी एकटी व्हिलेजमध्ये गेले आणि सगळं खरं सांगितलं. दुप्पट फी भरली. इन्स्पेक्टरने एका खांबाशेजारी खणायला लावलं, टेप लावला, १८ वर बोट ठेवलं आणि फक्त एवढंच म्हणाला, “याच्यावर कुणाला जाऊ देऊ नका.” डेक पाडला. पहिल्याला सहा हजार डॉलर गेले होते, दुसऱ्याला नऊ.

दुसऱ्या वेळी पर्मिट म्हणजे नेमकं काय ते मला कळलं. तीनदा माणूस येतो. खड्डे उघडे असताना एकदा, काँक्रीट ओतण्याआधी. सांगाडा उभा राहिल्यावर, फळ्या बसवण्याआधी दुसऱ्यांदा. आणि शेवटी एकदा. म्हणजे जे नंतर झाकलं जाणार ते झाकण्याआधी, ज्याला तुमच्याकडून पैसे कमवायचे नाहीत असा कुणीतरी बघून जातो. आमच्या एका खड्ड्यात मुळं आली म्हणून कामगार ३९ इंचांवर थांबला होता. इन्स्पेक्टर म्हणाला, आणखी तीन. कामगार चरफडला. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दोघांनाही चहा दिला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नुसत्या वरच्या फळ्या, तशाच फळ्या घालून बदलणार असाल तर बऱ्याच गावांत पर्मिट लागत नाही. जॉइस्ट (फळ्यांखालच्या कड्या), बीम (कड्या पेलणारी तुळई), खांब, लेजर, जिना किंवा रेलिंगला हात लागला की लागतं असंच धरून चाला. आणि पंचवीस वर्षांच्या डेकच्या फळ्या उचलल्यावर खालचे जॉइस्ट शाबूत निघतील या भरवशावर राहू नका. संहितेत पर्मिटमधून एक सूट आहे, आणि कॉन्ट्रॅक्टर तिचं अर्धंच सांगतात: डेक २०० चौरस फुटांपर्यंत, कुठेही ३० इंचांपेक्षा उंच नाही, घराला जोडलेला नाही, आणि घराच्या मुख्य सुटकेच्या दारासमोर नाही. चारही अटी एकदम पाळाव्या लागतात. आमचा १९२ चौरस फूट होता, भाऊजी तेवढाच आकडा धरून बसले होते. चार फूट उंच आणि भिंतीला ठोकलेला, त्याचं काय?

कॉन्ट्रॅक्टर ‘पर्मिट तुम्ही तुमच्या नावावर काढा’ म्हणाला तर दुसरा शोधा. खणण्याआधी ८११ ला फोन करा, गॅस आणि विजेच्या लाइनींच्या खुणा फुकट करून देतात. तुमचा डेक २००४ च्या आधीचा असेल तर त्याच्या लाकडात आर्सेनिक असण्याची बरीच शक्यता, ते शेकोटीत अजिबात जाळू नका. नव्या प्रक्रिया केलेल्या लाकडात तांबं जास्त असतं, साधे खिळे ते खाऊन टाकतं, म्हणून गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसच वापरा.

हे सगळं माझ्या गावाचं सांगितलं. प्रत्येक व्हिलेज संहितेत आपापले बदल करतं. काही ठिकाणी ती सूट मान्यच नाही, काही ठिकाणी फळ्यांनाही पर्मिट लागतं. एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, असेल तर त्यांची परवानगी वेगळी. म्हणून माझं उत्तर प्रमाण मानू नका, तुमच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला फोन करा, दहा मिनिटांत कळेल.

भाऊजी अजूनही म्हणतात की तो हिवाळाच विचित्र होता, एरवी १८ इंच चाललं असतं, आणि इन्स्पेक्टर म्हणजे सरकारी अडवणूक. परवानगी म्हटलं की टेबलाखालचा हात आठवतो, हे मी समजू शकते, आपण सगळे तेच बघत मोठे झालो. पण भाऊजी, ४२ हा आकडा विचित्र हिवाळ्यासाठीच ठरवलेला असतो. २०१९ च्या जानेवारीत पारा उणे २३ फॅरनहाइटवर गेला, त्या सकाळी मी मुद्दाम जाऊन मागचं दार उघडून पाहिलं. ते पूर्ण उघडलं. तुम्हाला तेव्हा फोटो पाठवला होता, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.