न्यायसिद्धांतातील ‘व्यक्ती’ : वाचनाला सुरुवात करताना

न्यायसिद्धांताचे वाचन अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सपासून सुरू करण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे. मात्र ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ हा त्याचा १९७१ चा जाडजूड ग्रंथ पहिल्याच महिन्यात संपवण्याचा आग्रह धरू नका. आरंभी एकच प्रश्न हाताशी ठेवा : ज्याला न्याय द्यायचा, तो माणूस या विचारवंताला कसा दिसतो?

रॉल्सच्या व्यक्तीपाशी दोन नैतिक क्षमता असतात : न्यायाची जाणीव बाळगण्याची, आणि आपल्या हिताची कल्पना घडवण्याची व बदलण्याची. समाजाची न्यायतत्त्वे ठरवण्यासाठी रॉल्सने कल्पिलेल्या ‘अज्ञानाच्या पडद्या’मागे स्वतःचा वर्ग वा स्थान ठाऊक नसलेला माणूस म्हणजे खऱ्या माणसाचे वर्णन, असे नवे वाचक हमखास समजतात. वस्तुतः निःपक्षपातीपणे तत्त्वे निवडता यावीत म्हणून योजलेली ती कल्पना आहे. रॉल्सची व्यक्ती समुदायापासून तुटलेली आहे, हा अमेरिकी तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांचा १९८२ चा आक्षेप त्यानंतरच वाचा, कारण तो आधी वाचला की मूळ मांडणी समजून घेण्याचा धीर उरत नाही.

दुसरी चूक, व्यक्ती आणि समुदाय यांविषयीचा हा वाद परका मानण्याची. संविधानाच्या मसुद्याने खेडे नाकारून व्यक्ती हे एकक स्वीकारल्याबद्दल डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत समाधान व्यक्त केले होते. आपल्या नागपुरात १९५६ साली लाखोंनी धम्मदीक्षा घेऊन जन्माने लादलेली ओळख नाकारली, आणि तीही एकत्र येऊन. व्यक्ती आणि समुदाय यांना परस्परविरोधी मानणाऱ्या कोणत्याही सिद्धांताला हा प्रसंग पुढे ठेवून अवश्य प्रश्न विचारा.

रॉल्सच्या विचारामागचा जर्मन तत्त्वज्ञ कांट सध्या बाजूला राहू द्या. प्रत्येक प्रकरणानंतर मात्र अर्धे पान स्वतःच्या मराठीत लिहा.