दीड वर्षाची मुलगी दिवसभर न शिकलेल्या आजीकडे असते, ती मागे पडेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं तासगावजवळच्या गावातून रोज सांगलीला नोकरीला जाता, मुलगी सासूबाईंपाशी असते, आणि त्या शाळेत गेलेल्या नाहीत म्हणून तिला सांगलीतल्या प्लेग्रुपमध्ये घालावं असं मनात आहे.

माझं मत विचाराल तर एवढ्यात घालू नका. मी याच भागात अंगणवाडी सेविका आहे. इतक्या लहान लेकराला हाकेला ओ देणारं माणूस लागतं, आणि तेही रोज तेच.

आमच्या शेजारी एक आजी आहेत. दुपारी सोप्यात मेथी निवडत बसतात, नात जवळच. ती काडी उचलून ‘आ?’ करते. आजी हातातलं काम थांबवतात. ‘काडी व्हय? टाक तिकडं. आता पान दे मला.’ ती पान देते, आजी म्हणतात ‘श्यानी माझी बाय’, की लगेच पुढचं पान. चिमटीत धरणं, सांगितलेलं समजणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सगळं त्यात आलं. पहिल्या तीन वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो आणि त्याला खतपाणी मिळतं ते अशाच देवाणघेवाणीतून.

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँकेने २०१८ मध्ये बालसंगोपनाचा आराखडा काढला. त्यात आरोग्य, आहार, सुरक्षितता आणि शिकण्याची संधी यांच्या जोडीला मुलाला प्रतिसाद देणारी माणसं ही गोष्ट बरोबरीने धरली आहे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर १९४५ पासून पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली होती.

मला काळजी वाटते ती तुमच्या सासूबाईंची. दीड वर्षाचं पोर म्हणजे पायाला भिंगरी. त्यात स्वयंपाक, पाणी, गुडघेदुखी, आणि ऑक्टोबरच्या छाटणीत सगळं घर द्राक्षबागेत गेलं की त्या एकट्याच. दमलेलं माणूस गप्प होतं, मग पोराच्या हातात मोबाईल येतो. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण आजींना ‘मोबाईल देऊ नका’ एवढंच बजावून भागणार नाही. त्यांच्या अंगावरचं काम कमी करा. धुणं-भांडी दुसऱ्या कुणाकडे द्या, संध्याकाळी तासभर आजोबांनी किंवा शेजारच्या काकींनी पोरीला घ्यावं, रविवारी तुम्ही दोघांनी. त्यांची बोली दुरुस्त करत बसू नका, मुलीसमोर तर नाहीच. संकोचून त्या बोलायच्याच थांबल्या तर तुमच्या मुलीचं खरं नुकसान होईल.

दवाखान्यातून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढून बघा. मुलाला कोणत्या वयात काय यावं ते त्यात चित्रांसकट दिलेलं असतं. दीड वर्षाची होऊनही ती आधाराशिवाय चालत नसेल, एकही शब्द बोलत नसेल किंवा नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनाही सांगून ठेवा.

तिला तीन पूर्ण झाली की गावातल्या अंगणवाडीत घाला. पहिले आठ-दहा दिवस आजींनाच तिच्यासोबत बसू द्या, आम्ही सेविका नाही म्हणत नाही.