वाचकांचे प्रश्न : जिल्हा तिरंदाजी स्पर्धेनंतर

जिल्हा तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धा नुकतीच आटोपली असल्याने या वेळच्या टपालातील बहुतेक पत्रे त्याच विषयाची आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रातील प्रश्न अनेक पालकांच्या मनातला असल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची असून रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या धनुष्याच्या) प्रकारात 60 मीटरवर खेळते. जिल्हा स्पर्धेत पहिल्या 36 बाणांत तिने 281 गुण मिळवले. जेवणानंतरच्या 36 बाणांत मात्र तिला 254 गुणच मिळाले आणि राज्य स्पर्धेसाठीची निवड एका गुणाने हुकली. तिचा एक बाण लाल आणि निळ्या रंगांच्या मधल्या रेषेवर लागला होता, तरी त्याचे 6 गुण लिहिले गेले. तो 7 होता, असे ती घरी आल्यावर म्हणाली. आम्ही विचारायला गेलो तेव्हा आता काही करता येणार नाही, असे सांगण्यात आले. हा अन्याय नाही का?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : एका गुणाने निवड हुकल्याची हळहळ आम्ही समजू शकतो. नियम आपल्या मुलीच्या बाजूचा होता, पण तो वापरायची वेळ निघून गेली होती. बाणाची कांडी दोन रंगांमधल्या किंवा दोन वर्तुळांमधल्या रेषेला नुसती टेकलेली असली, तरी वरचा गुण मिळतो. गुणांविषयी मतभेद झाल्यास पंचांना बोलवायचे असते आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. मात्र बाण टार्गेटमध्ये जसाच्या तसा रुतलेला असताना हे सारे व्हावे लागते. सगळे गुण लिहून होईपर्यंत बाणाला, फेसच्या, म्हणजे रंगीत वर्तुळांच्या, कागदाला किंवा तो लावलेल्या मागच्या जाड फळीला (बट्रेसला) कोणी हातही लावायचा नसतो, कारण बाण किंचित हलला तरी तो रेषेला टेकला होता की नाही हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. बाण उपटल्यावर मागे उरणारे भोक बहुतेक वेळा फाटून मोठे झालेले असते. म्हणून त्यानंतर आलेली तक्रार आयोजकांनी घेतली नाही, यात त्यांची चूक आम्हाला दिसत नाही.

टार्गेटपाशी नेमके काय होते, हे पालकांनी एकदा समजून घ्यावे. एका टार्गेटवर खेळणारी मुले एकत्र पुढे जातात. ज्याचे बाण असतील तो मोठ्या गुणापासून उतरत्या क्रमाने गुण उच्चारतो, बाकीचे प्रत्येक बाण पाहून खात्री करतात आणि मगच आकडा कागदावर उतरतो. रेषेवरचा बाण पाहायला आलेले पंच अगदी जवळ जातात, डोळे कांडीच्या पातळीवर आणतात, आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने पाहतात. आधीच्या बाणांनी रेषा फाटली असेल, तर वर्तुळाचा वळसा तेथून कसा गेला असता याचा अंदाज घेऊन ते निर्णय देतात. या सगळ्याला अर्धा मिनिटही लागत नाही. तरीही पंधरा वर्षांची मुले पंचांना बोलवायला संकोचतात, विशेषतः शेजारी वयाने मोठा किंवा नावाजलेला खेळाडू असेल तेव्हा, आणि मनाला पटलेले नसतानाही मान डोलावून बाण काढतात. हा संकोच मोडणे हे प्रशिक्षकांचे काम आहे. जिल्ह्यातील सरावाच्या मैदानांवर नेम धरण्यावर जेवढी मेहनत घेतली जाते, तिच्या दहाव्या हिश्श्याएवढीही गुण वाचण्यावर आणि लिहिण्यावर घेतली जात नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुणपत्रिकेवरील सही ही आपला प्रत्येक आकडा आणि बेरीज मान्य असल्याची कबुली असते. गुण समान झाल्यास आधी 10 किती आणि मग मधल्या छोट्या वर्तुळातले, म्हणजे एक्सचे बाण किती, हे पाहिले जाते. त्यामुळे एक्सच्या ठिकाणी नुसते 10 लिहून मोकळे होणेसुद्धा महागात पडू शकते.

आता दुसऱ्या सत्रातील 27 गुणांविषयी. आमच्या दृष्टीने त्या एका बाणापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. 36 बाणांत 27 गुण म्हणजे बाणामागे पाऊण गुणाची घट, आणि ती अगदी बारीक कारणाने होऊ शकते. रिकर्व्ह धनुष्यावरची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, डोळ्यापासून ताणलेल्या हाताच्या लांबीहून थोड्या अधिक अंतरावर असते. ती एक मिलिमीटर सरकली, तर 60 मीटरवर बाण जवळपास 7 सेंटिमीटर सरकतो. फेस 122 सेंटिमीटरचा असला, तरी 10 चे वर्तुळ 12.2 सेंटिमीटर व्यासाचेच असते. म्हणजे साइट एवढी हलली, तर एरवी मध्यभागी लागणारा बाण 10 च्या बाहेर जातो. त्यातच आपल्याकडे उघड्या मैदानावर ऊन चढल्यावर वारा सुटतो आणि दर काही मिनिटांनी दिशा बदलतो. टार्गेटच्या डोक्यावरची झेंडी पाहून मगच धनुष्य उचलण्याची सवय आपल्या मुलीला आहे का, हे तिला विचारून पाहा. फेरीगणिक बाण कुठे लागले याची खूण ती वहीत करत असेल, तर कारण वहीतच सापडेल. बाण एकाच बाजूला पण एकमेकांच्या जवळ लागलेले असतील, तर वारा किंवा साइट; वरखाली विखुरलेले असतील, तर थकवा आणि खेच, म्हणजे दोरी मागे ओढणे, अपुरी पडणे. अशी वही नसल्यास ती आजपासूनच ठेवायला सांगावे. पुढच्या वर्षीच्या निवडीसाठी एका वादग्रस्त गुणापेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : स्पर्धेच्या वेळी आम्हा पालकांना दोरीच्या मागे उभे करतात आणि सतत शिट्ट्या वाजत राहतात. त्यांचा अर्थ काय?
— एक पालक, जरीपटका, नागपूर

उत्तर : दोन शिट्ट्या झाल्या की खेळाडूंनी रेषेवर यायचे, एक झाली की बाण सोडायला सुरुवात करायची आणि तीन झाल्या की बाण आणायला पुढे जायचे. लागोपाठ पाच किंवा अधिक शिट्ट्या हा धोक्याचा इशारा असतो. तो ऐकताच धनुष्याची ओढलेली दोरीसुद्धा बाण न सोडता सावकाश परत घ्यायची असते. दोरीच्या मागे राहण्याविषयी कृपया आयोजकांशी वाद घालू नये, आणि लहान भावंडांना मैदानावर मोकळे सोडू नये.

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तेथे त्याने काउंटीच्या वार्षिक अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेतला, 144 बाण मारले आणि सोनेरी वर्तुळाला 9 गुण मिळाले, असे तो सांगतो. हा आपलाच खेळ आहे का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : खेळ तोच, मोजणी जुनी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. आपल्या भाच्याने मारलेल्या फेरीला यॉर्क राऊंड म्हणतात. तीत 100 यार्डांवरून 72, 80 यार्डांवरून 48 आणि 60 यार्डांवरून 24 असे 144 बाण असतात. स्त्रियांसाठीच्या हेरफर्ड राऊंडमध्येही बाण तेवढेच असतात, पण अंतरे 80, 60 आणि 50 यार्ड असतात. गुण रंगाप्रमाणे मिळतात: सोनेरी 9, लाल 7, निळा 5, काळा 3 आणि पांढरा 1. त्यामुळे कमाल गुण 1296 होतात. आपल्याकडे प्रत्येक रंगाची दोन वर्तुळे मोजून 10 ते 1 असे गुण देतात आणि 72 बाणांची कमाल 720 होते, म्हणून दोन्हींची थेट तुलना करता येत नाही. इंग्लंडमध्ये 1844 साली यॉर्क शहरात पहिला राष्ट्रीय तिरंदाजी मेळावा भरला होता, आणि ती परंपरा तेथील लोकांनी जपली आहे. एवढ्या लांबून एकाच दिवशी 144 बाण मारणे हे खांद्यांची कसोटी पाहणारे काम आहे. आपल्या भाच्याचे मनापासून अभिनंदन.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा असून बांबूच्या धनुष्यावर इंडियन राऊंड खेळतो. कंपाऊंडचा तिरंदाज ओजस देवतळे नागपूरचा, म्हणून यालाही लगेच कंपाऊंड (टोकांना चाके असलेले) धनुष्य हवे आहे. कर्ज काढून घ्यावे का?
— एक वडील, काटोल, जि. नागपूर

उत्तर : कर्ज काढू नये. ओजस देवतळे यांनी 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत 15 बाणांत 150 पैकी 150 गुण मिळवून विजेतेपद पटकावले आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदके जिंकली. साताऱ्याच्या अदिती स्वामी यांनीही बर्लिनमध्येच महिलांचे वैयक्तिक विजेतेपद मिळवले. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धाही होणार आहे. त्यामुळे मुलाचे आकर्षण अगदी योग्य आहे, आणि ते मोडूही नये. परंतु अकराव्या वर्षी हात आणि उंची झपाट्याने वाढते. आज मापाचे घेतलेले बाण उद्या आखूड पडतात आणि कंपाऊंडची खेच पुन्हा जुळवावी लागते. स्पर्धेच्या दर्जाचा पूर्ण संच लाखांच्या घरात जात असल्याने हा खर्च दोनदा करणे सामान्य घराला परवडणारे नाही.

बांबूच्या धनुष्यावर चाकांची मदत नसते, त्यामुळे पाठीने ओढणे, हनुवटीखाली हात दर वेळी त्याच जागी आणणे आणि बोटे सैल सोडणे हे तेथे नीट कळते. उंची स्थिरावेपर्यंत त्याला इंडियन राऊंडच खेळू द्यावे, आणि कंपाऊंड हाताळून पाहायचे असेल तर क्लबचे धनुष्य वापरू द्यावे. पुढे धनुष्य घेताना पाउंडांचा, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या ताकदीचा, मोठा आकडा पाहून घेऊ नये. दिवसभराचे 72 बाण मारून झाल्यावरही शेवटची दोरी पहिल्याइतक्याच शांतपणे ओढता येईल, एवढीच ताकद मागणारे धनुष्य त्याच्यासाठी योग्य. तोवर आहेत त्या सर्व बाणांची पिसे आणि नॉक (मागच्या टोकाची, दोरीत बसणारी खाच) एकसारखे करून घ्यावेत आणि प्रत्येक कांडीवर त्याचे नाव लिहावे. स्पर्धेत पंच हे तपासतात.