वाचकांचे प्रश्न : बालीच्या लाटा आणि वारा

प्रश्न : येत्या डिसेंबरच्या अखेरीस आम्ही इंडोनेशियातील बाली बेटावर जाणार आहोत. मुलीने कर्नाटकात मुलकी येथे सर्फिंगचे प्राथमिक धडे घेतले असून तिला उलुवाटूच्या लाटांवर उतरायचे आहे. डिसेंबरमध्ये तेथे पावसाळा असतो असे कळते. कोकणात पावसाळा म्हणजे खवळलेला समुद्र. बालीतही तसेच असते का? तसेच लाटांच्या अंदाजात ‘१.५ मीटर, १५ सेकंद’ असे लिहिलेले असते, त्यातील सेकंद म्हणजे काय? — एक पालक, रत्नागिरी

उत्तर : कोकणच्या अनुभवावरून बालीचा अंदाज बांधू नये, ही विनंती आधी करतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो नैर्ऋत्य वारा वाहतो तोच अरबी समुद्र घुसळतो, त्यामुळे वारा आणि लाट यांना आपण एकच गोष्ट समजतो. बालीच्या दक्षिण किनाऱ्यावर मात्र ही दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. तेथील मोठ्या लाटा भूगोलाच्या पुस्तकात ‘गरजणारे चाळीस’ म्हणून शिकवल्या जाणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे ४० अंश दक्षिण अक्षांशापलीकडील वादळांत जन्म घेतात आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटर अंतर तोडून येतात. वादळ मागेच विरते, पण लाटा पुढे येत राहतात. लांबून आलेल्या अशा लाटांना सर्फर ‘स्वेल’ म्हणतात.

आता सेकंदांविषयी. एका लाटेचा माथा गेल्यानंतर दुसरा माथा येईपर्यंत जितका वेळ लागतो तो लाटेचा आवर्तकाल, आणि माझ्या मते उंचीपेक्षाही हा आकडा आधी वाचावा. खोल समुद्रात सात सेकंदांच्या दोन लाटांमध्ये सुमारे ७५ मीटर अंतर असते, तर पंधरा सेकंदांच्या लाटांमध्ये ते सुमारे ३५० मीटर होते. लाटेला तळ जाणवू लागतो तो या अंतराच्या साधारण निम्म्या खोलीवर, म्हणून लांब आवर्तकालाची लाट किनाऱ्यापासून बरीच दूर असतानाच वळू लागते आणि उथळ प्रवाळावर पोहोचताच अंदाजातील उंचीपेक्षा पुष्कळ उंच उभी राहते. पंधरा सेकंदांच्या लाटांचा समूह दिवसाला सुमारे एक हजार किलोमीटर सरकतो. त्यामुळे दक्षिणेकडील वादळाची बातमी तीन ते पाच दिवस आधी हाती येते. या लाटा तुकड्यातुकड्यांनी येतात. मध्ये दहा-पंधरा मिनिटे समुद्र शांत दिसतो आणि मग पाच-सहा मोठ्या लाटा एकामागून एक येतात. वारा पडलेला पाहून समुद्र निवला असे समजणारा नवशिक्या येथेच फसतो. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी निदान अर्धा तास किनाऱ्यावर उभे राहून पाहावे.

वाऱ्याचे गणित याहून सोपे आहे. साधारण मे ते सप्टेंबर या कोरड्या ऋतूत आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या बुकित द्वीपकल्पाच्या पश्चिम अंगावर, म्हणजे उलुवाटू, पादांग पादांग, बिंगिन येथे, हा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो आणि तिला लवकर कोसळू देत नाही. दक्षिण गोलार्धातील हिवाळी वादळेही याच महिन्यांत सर्वांत जोरकस असतात, त्यामुळे उलुवाटूची कीर्ती याच ऋतूची आहे. डिसेंबर ते मार्च वारा पश्चिमेकडून येतो. स्वेल थांबत नाही, फक्त सरासरीने लहान होते. पण पश्चिम किनाऱ्यावर वारा समुद्राकडून येऊन लाटा विस्कटून टाकतो, आणि मग सर्फर पूर्वेकडे सानूर, नुसा दुआ, केरामास येथे जातात. मात्र पहाटे कोकणातल्या मतलई वाऱ्यासारखा जमिनीवरचा हलका वारा असतो, त्यामुळे पश्चिमेलाही सकाळचे एक-दोन तास अनेकदा चांगले मिळतात.

आपल्या मुलीने या वेळी उलुवाटूला उतरू नये, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. तेथे वाळूची पुळण नाही, धारदार प्रवाळ आहे. पाण्यात जाण्याचा मार्ग कड्याखालच्या गुहेतून आहे. पूर्ण भरतीला तिच्यात पाणी शिरते, आणि परतताना किनाऱ्यालगतचा प्रवाह गुहेच्या तोंडापुढून ओढून नेतो, म्हणून अनुभवी माणसेही प्रवाहाच्या वरच्या बाजूचा नेम धरून येतात. मुलकीच्या धड्यांनंतर ही पुढची पायरी नव्हे. पूर्वेकडील नावाजलेल्या जागांचा तळही बहुतांशी खडकाळ वा प्रवाळाचाच आहे. तिच्यासाठी पश्चिम किनाऱ्यावरील कुटा आणि लेगियनची वाळू योग्य. सकाळी लवकर, वारा सुटण्याआधी, स्थानिक प्रशिक्षकाबरोबर. या महिन्यांत पश्चिम वाऱ्याने तेथे कचरा लागतो आणि मोठ्या पावसानंतर नाल्यांचे पाणी समुद्रात येते, तेव्हा पाऊस झाल्यावर एक-दोन दिवस पाण्यात उतरू नये.

भरतीचा अंदाज आपल्याला रत्नागिरीतूनच बांधता येईल. चंद्र तोच असल्याने अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तेथेही उधाण, म्हणजे मोठी भरती असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. नवशिक्याने भांगाचे दिवस निवडावेत, कारण पाण्याची चढ-उतार कमी असते आणि प्रवाहही मंद राहतात. वेळा मात्र बालीच्याच तक्त्यातून घ्याव्यात.