सौरघटातील इलेक्ट्रोड : अग्र नव्हे, वाट

धरमपेठेतील एका विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे की, शाळेच्या हस्तलिखितासाठी 'सौरघटातील इलेक्ट्रोडची रचना सुधारल्यास त्याची कार्यक्षमता वाढते' हे वाक्य शुद्ध मराठीत लिहिताना 'इलेक्ट्रोड' (उपकरणात वीज जेथून आत-बाहेर जाते तो भाग) याऐवजी 'विद्युत अग्र' घालावे काय, आणि घटाच्या उन्हाकडील बाजूस धनाग्र म्हणावे की ऋणाग्र. त्यांनी 'कार्यक्षमता' हा शब्द नेमका वापरला याबद्दल आधी त्यांचे आभार मानतो, कारण नागपुरात छतोछत सोलर प्लेटा बसवून देणारे लोक कार्यक्षमता आणि क्षमता यांची जी सरमिसळ करतात ती ऐकून माझे कान किटले आहेत. ५ किलोवॉट ही क्षमता. पडलेल्या उन्हापैकी किती हिश्श्याची वीज झाली ते प्रमाण म्हणजे कार्यक्षमता.

'विद्युत अग्र' मात्र घालू नये. अग्र म्हणजे टोक, शेंडा, पुढचा भाग. कुशाग्र बुद्धी ही कुशाच्या पात्याच्या टोकासारखी. चंचुपात्रात बुडवलेल्या दोन कांड्यांपुरता हा शब्द कसाबसा खपून गेला आणि तेथून तो पाठ्यपुस्तकांत कायमचा ठाण मांडून बसला. सिलिकॉनच्या सौरघटावर असे टोक कोठे दाखवणार? त्याच्या पृष्ठभागावर चांदीच्या बारीक रेघांची जाळी छापलेली असते, आणि ती जाळी म्हणजेच त्या बाजूचा इलेक्ट्रोड. परिभाषा घडवणाऱ्यांनी वस्तू पाहिली आणि शब्द पाहिला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शब्द पाहिला असता तर त्यात टोक नसून वाट आहे हे त्यांच्या ध्यानी आले असते. मायकेल फॅरेडे याने १८३४ साली विल्यम व्ह्यूएल या बहुश्रुत विद्वानाच्या सल्ल्याने ही परिभाषा रचली. तोपर्यंत 'ध्रुव' हा शब्द रूढ होता, परंतु ध्रुव म्हटले की ओढून घेणे आले, आणि येथे ओढणारे कोणी नसून वीज केवळ आत-बाहेर जाते, म्हणून त्याने 'एलेक्ट्रॉन' आणि 'होडोस' हे दोन ग्रीक शब्द जोडले. होडोस म्हणजे वाट. स्कूटरवरच्या ओडोमीटरमध्ये हाच होडोस आहे, 'मेथड'मध्ये आहे, 'पीरियड'मध्येही आहे; आणि ज्या शहरात रस्त्यांची अंतरे कोरलेला झिरो माइलचा खांब उभा आहे, त्या शहरातील लोकांना तरी वाटेचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये.

खरी गंमत पुढे आहे. दोन इलेक्ट्रोडपैकी अॅनोड (पाठ्यपुस्तकांतील धनाग्र) म्हणजे वर जाणारी वाट आणि कॅथोड (ऋणाग्र) म्हणजे खाली जाणारी वाट, आणि फॅरेडेने स्वतःच त्यांचा खुलासा सूर्य उगवतो ती वाट व सूर्य मावळतो ती वाट असा केलेला आहे, कारण वीजप्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो अशी मांडणी त्याने मनाशी कल्पिली होती. म्हणजे सूर्यप्रकाशावर वीज देणारे घट घडण्याच्या कितीतरी आधी या दोन शब्दांत सूर्य येऊन बसला होता! इतकेच नव्हे, 'एलेक्ट्रॉन' म्हणजे तृणमणी, झाडांच्या राळेचा घट्ट झालेला खडा, घासला असता गवताची काडी ओढणारा, ज्याला फारसीत त्याच गुणावरून 'कहरुबा' म्हणजे काडीचोर म्हणतात. आणि प्राचीन ग्रीक काव्यात तळपत्या सूर्याला 'एलेक्तोर' म्हटलेले आढळते. या दोन शब्दांचे नाते व्युत्पत्तिकार अनिश्चित मानतात. तृणमण्याचा मधासारखा पिवळा झगझगाट ज्याने एकदा उन्हात धरून पाहिला आहे, त्याला हा संशय फार काळ टिकवता येईल असे मला वाटत नाही.

आता धनाग्र-ऋणाग्राकडे वळू. अॅनोड म्हणजे 'धन' असे फॅरेडेने कोठेही म्हटलेले नाही. प्रवाह जेथून उपकरणात शिरतो तो अॅनोड, आणि म्हणूनच वीज देत असलेल्या बॅटरीचा अॅनोड ही तिची ऋण बाजू असते. त्याला आपण 'धनाग्र' म्हणायचे आणि मुलांनी ते ऋण असल्याचे पाठ करायचे, हा छळ आहे. सौरघटात तर दोन पंथच पडले आहेत: डायोडच्या (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकाच्या) वळणाने लिहिणारे धन बाजूला अॅनोड म्हणतात, तर उन्हात त्या बाजूने प्रवाह बाहेर पडत असल्यामुळे फॅरेडेच्या व्याख्येने ती कॅथोड ठरते. शिक्षिकाबाईंनी सरळ धन बाजू आणि ऋण बाजू असे लिहावे. वर्षानुवर्षे प्रचलित असलेल्या पी-प्रकारच्या (मूळ सिलिकॉनमध्ये धन वाहक अधिक असलेल्या) घटात उन्हाकडील बाजू ऋण असते, परंतु नव्या एन-प्रकारच्या (ऋण वाहक अधिक असलेल्या) अनेक घटांत ती धन असते, तेव्हा घटाचा प्रकार सांगितल्याशिवाय तेही लिहू नये.

रचनेचा मुद्दाही वाटेच्या अर्थानेच उलगडतो. मळ्यात पाट आणि दांड काढले की तेवढ्या जमिनीत पीक येत नाही, आणि काढले नाहीत तर पाणी वाफ्यापर्यंत पोचत नाही. घटावर दिशा उलट, म्हणजे वाफ्यातून पाटाकडे, पण अडचण तीच. रेघा रुंद केल्या तर त्यांच्या सावलीखालचे सिलिकॉन वाया जाते, अरुंद किंवा विरळ केल्या तर रोध वाढून वीज वाटेतच उष्णतेत जिरते. म्हणून रेघ केसाहूनही बारीक पण उंच छापायची, आणि या रेघांतील वीज गोळा करणाऱ्या आडव्या जाड पट्ट्या दोन-तीनऐवजी नऊ, बारा किंवा त्याहून अधिक करायच्या, म्हणजे विजेला बारीक रेघेतून कमी अंतर जावे लागते. या पट्ट्यांना 'बसबार' म्हणतात; त्यातील 'बस' ही 'सर्वांसाठी' या अर्थाच्या लॅटिन 'ओम्निबस'ची शेपटी आहे, आणि आपल्या शहरातील 'आपली बस'चीही तीच. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही वाटा घटाच्या पाठीमागे नेऊन पुढची सावलीच नाहीशी करणे. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या सिलिकॉन घटाची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. २०१७ साली जपानच्या कानेका कंपनीने अशाच पाठीमागे वाटा असलेल्या सिलिकॉन घटात २६.७ टक्के गाठले, अर्थात त्याचे श्रेय एकट्या इलेक्ट्रोडचे नव्हे. 'अग्र'वाल्यांनी या घटाचे वर्णन 'मागील अग्र' असे करून दाखवावे. ते 'पुढची पाठ' म्हणण्यासारखेच होईल.

मी 'वीजवाट' सुचवतो. तो धाडसाचा वाटल्यास 'इलेक्ट्रोड' तसाच ठेवून वाक्य असे लिहावे: 'सौरघटावरील इलेक्ट्रोडच्या रेघा अधिक बारीक आणि उंच केल्यास सावली कमी पडते, रोध वाढत नाही, आणि घटाची कार्यक्षमता वाढते.'